जगदीशचंद्रांचे थकणारे यंत्र

तांत्रिक परिषदेच्या आदल्या दिवशी सभागृहात डोकावले, तर शिडीवर चढलेली दोन-तीन माणसे हमखास दिसतात. परिषदेच्या दोन-तीन दिवसांपुरते वायफायचे जाळे उभारायचे असते. छोट्या चपट्या पेट्या छताजवळ किंवा उंच खांबांवर बसवल्या जातात, वायरी ओढल्या जातात, कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन फोनवर सिग्नल तपासला जातो. रिकाम्या सभागृहात सारे सुरळीत चालते. दुसऱ्या दिवशी पाचशे माणसे येऊन बसली की तेच जाळे कुरकुरू लागते. एकाच वेळी सगळ्यांचे फोन जोडले जातात, हे त्याचे मोठे कारण. दुसरे कारण शरीरशास्त्रातले आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण साठ टक्के पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. भरलेले सभागृह म्हणजे लहरींच्या वाटेत उभी असलेली पाण्याची भिंतच. म्हणूनच त्या पेट्या माणसांच्या डोक्यांच्या वर बसवतात.

परक्या सभागृहात, थोड्या वेळासाठी, बिनतारी यंत्रणा उभी करायची आणि जाणकारांच्या डोळ्यांदेखत ती चालवून दाखवायची, हे काम बिनतारी विज्ञानाइतकेच जुने आहे. ऑगस्ट १८९४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन ऑक्सफर्डला भरले होते. तिथे ऑलिव्हर लॉज यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीतल्या व्याख्यानगृहात तारेविना संकेत पाठवून दाखवला. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, याच संस्थेचे अधिवेशन लिव्हरपूलला भरले. लॉज त्याच शहरात प्राध्यापक होते. अधिवेशनाचे अध्यक्ष होते शस्त्रक्रियेत जंतुनाशनाची पद्धत आणणारे जोसेफ लिस्टर. भौतिकशास्त्र विभागाच्या अध्यक्षस्थानी जे. जे. थॉमसन होते आणि श्रोत्यांत वयोवृद्ध लॉर्ड केल्व्हिन होते. या मंडळींसमोर कलकत्त्याहून आलेला ३७ वर्षांचा एक प्राध्यापक आपले उपकरण मांडत होता. त्याचे नाव जगदीशचंद्र बोस.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी आणि ब्राह्मो समाजाचे. मुलाने आधी मातृभाषा शिकावी, मग इंग्रजी, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे जगदीशचंद्रांचे सुरुवातीचे शिक्षण गावच्या बंगाली शाळेत, कोळ्यांच्या आणि नोकरांच्या मुलांच्या शेजारी बसून झाले. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों यांच्याकडे ते भौतिकशास्त्र शिकले. प्रयोग करून दाखवत शिकवणारे हे शिक्षक होते. व्याख्यानाच्या टेबलावर यंत्र मांडून ते सगळ्यांसमोर चालवून दाखवण्याची गोडी बोस यांना तिथे लागली.

१८८० मध्ये ते लंडनला गेले ते मात्र डॉक्टर व्हायला. इंग्लंडला निघण्यापूर्वीच त्यांना तापाने गाठले होते. आसामात शिकारीला गेले असताना लागलेला हा ताप बहुधा काळा आजाराचा असावा, असे मानले जाते. वालुमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगाचा परजीवी १९०३ मध्ये सापडला आणि त्यावरचे परिणामकारक औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यातच शोधले, तेही १९२० च्या सुमारास. त्यामुळे १८८० च्या लंडनमधल्या डॉक्टरांकडे खरा उपाय नव्हता. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने त्यांची प्रकृती आणखी बिघडली आणि वर्षभरातच वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. बोस केम्ब्रिजला गेले आणि तिथे निसर्गविज्ञान शिकले. लॉर्ड रॅले हे त्यांचे भौतिकशास्त्राचे गुरू. शरीरक्रियाशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे विषयही तिथे कानावर पडले. डॉक्टरकी सुटली, पण सजीव देह कसा चालतो याचे कुतूहल सुटले नाही.

१८८५ मध्ये परतल्यावर ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक तात्पुरती असल्याने त्यांना त्याच्याही निम्मा देऊ करण्यात आला. त्यांनी शिकवायचे काम चोख केले, पण पगाराला हात लावला नाही. हे तीन वर्षे चालले. घरावर वडिलांचे कर्ज होते आणि १८८७ मध्ये लग्नही झाले होते. पत्नी अबला यांनी मद्रासला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेतले होते, पण प्रकृतीमुळे त्यांनाही ते अर्धवट सोडावे लागले होते. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील थकबाकीसह मंजूर केला आणि त्यातून कर्ज फेडण्याची सोय झाली.

संशोधनासाठी महाविद्यालयात प्रयोगशाळा नव्हती. न्हाणीघराला लागून असलेली एक चिंचोळी जागा त्यांना मिळाली. पत्र्याचे काम करणारा एक कारागीर हाताशी धरून ते स्वतः उपकरणे बनवून घेऊ लागले. ३६ व्या वाढदिवशी, म्हणजे ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, यापुढे संशोधनाला वाहून घ्यायचे असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ वारले होते, तेही वयाच्या ३६ व्या वर्षी. प्रकाशासारख्याच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी असतात, हे हर्ट्झ यांनी प्रयोगाने सिद्ध केले होते. त्यांच्या कामावर लॉज यांनी दिलेले व्याख्यान छापून आले आणि ते वाचून बोस या विषयाकडे वळले.

हर्ट्झ यांची उपकरणे अवाढव्य होती. त्यांच्या लहरींची तरंगलांबी ६६ सेंटिमीटरच्या घरात. लहर जितकी लांब, तितके तिला वळवणारे आरसे आणि लोलक मोठे लागतात. हर्ट्झ यांचे आरसे दोन मीटर उंचीचे होते आणि डांबराचा लोलक सहाशे किलोंच्या आसपास होता. असले सामान बोटीवर घालून परदेशी नेणे अशक्यच. बोस यांनी उलटा विचार केला. लहरच लहान केली, तर सारे उपकरण लहान होईल. धातूच्या बारीक गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी ५ ते २५ मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्या धातूच्या नळीतून बाहेर सोडल्या. ठिणगीच्या यंत्रातून भलतीकडे झिरपणाऱ्या लहरी मोजमाप बिघडवतात, म्हणून ते यंत्र धातूच्या पेटीत बंद केले. सारे उपकरण टेबलावर मांडता येईल आणि पेटीत भरून नेता येईल एवढे झाले.

बाकीची सामग्री तर घरातली वाटावी अशी. एका विशिष्ट प्रतलातल्या लहरी तेवढ्या पुढे जाऊ देणारी चाळणी त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी रेल्वेचे ब्रॅडशॉ वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घातले. लहरींचे प्रतल फिरवण्यासाठी पुढे ज्यूटच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या. बंगालमध्ये ज्यूटला काय तोटा!

खरी अडचण होती ती रिसीव्हरची. पॅरिसचे एदुआर ब्रान्ली यांनी १८९० मध्ये एक युक्ती शोधली होती. हे ब्रान्ली भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होतेच, शिवाय पदवीधर डॉक्टरही होते. काचेच्या नळीत धातूचा कीस भरला की त्यातून वीज सहज जात नाही. जवळपास ठिणगी पडून लहर येऊन आदळली की ते कण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि वीज वाहू लागते. लॉज यांनी याला कोहिअरर असे नाव दिले. पण हे साधन लहरी होते. एकदा संकेत घेतला की नळीवर टिचकी मारल्याशिवाय ते पुढच्या संकेताला तयार होत नसे. कधी दूरच्या लहरीने जागे होई, कधी जवळच्या लहरीलाही दाद देत नसे. कलकत्त्याच्या दमट हवेत धातू गंजे, ते वेगळेच. बोस यांनी कीस काढून टाकला आणि पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंग एका खाचेत शेजारी शेजारी बसवल्या. त्यांच्यावरचा दाब स्क्रूने आणि त्यांतून जाणारा वीजप्रवाह हवा तसा कमी-जास्त करता येऊ लागला. गंज टाळण्यासाठी त्यांवर कोबाल्टचा मुलामा दिला. रिसीव्हर आता बराचसा भरवशाचा झाला.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहर सोडणारे यंत्र एका दालनात आणि रिसीव्हर ७५ फुटांवरच्या तिसऱ्या खोलीत. मध्ये तीन भिंती आणि अध्यक्षस्थानी बसलेले बंगालचे धिप्पाड लेफ्टनंट गव्हर्नर. पल्ला वाढवण्यासाठी बोस यांनी वीस फुटांच्या खांबावर धातूची गोल तबकडी बसवली होती. ठिणगी पडली आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजली, पिस्तूल उडाले, छोटासा सुरुंगही फुटला. लहरी लाटसाहेबांच्या देहातून आरपार गेल्या, असे तेव्हा कौतुकाने सांगितले गेले. आजच्या ज्ञानानुसार अशा वेळी लहरींचा काही भाग शरीरातल्या पाण्यात शोषला जातो आणि काही भाग कडेने वळसा घालून पुढे जातो. लाटसाहेबांना अर्थातच काही झाले नाही.

त्याच वर्षी रॅले यांच्यामार्फत बोस यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत पोहोचला. पुढच्या वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. १८९६ च्या उन्हाळ्यात जगदीशचंद्र आणि अबला बोटीने इंग्लंडला निघाले. सोबत उपकरणांची पेटी होती.

लिव्हरपूलच्या निबंधात बोस यांनी विद्युतलहरींचे गुणधर्म तपासण्याचे एक संपूर्ण उपकरण मांडले. ते नुसते पाठवायचे-घ्यायचे यंत्र नव्हते. लहर आरशावरून कशी परतते, लोलकातून कशी वळते, स्फटिकातून जाताना तिचे काय होते, हे सारे एकाच टेबलावर दाखवता येत होते. अशा प्रयोगात सोंग आणता येत नाही. रिसीव्हरने दाद दिली की गॅल्व्हानोमीटर हलतो. नाही दिली तर पाच हजार मैलांवरून आणलेली पेटी फुकट जाते. परक्या देशातले हवामान आणि परके टेबल. भारतीय माणूस प्रयोगविज्ञान करू शकतो यावरच पुष्कळांचा विश्वास नव्हता, तो भाग वेगळा. उपकरण चालले. काठी टेकत चालणारे केल्व्हिन व्याख्यानानंतर वर महिलांच्या सज्ज्यात गेले आणि अबलाबाईंचे त्यांनी अभिनंदन केले, अशी आठवण चरित्रात आहे. त्याच अधिवेशनात टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी मार्कोनी या इटालियन तरुणाच्या प्रयोगांची माहिती दिली. मार्कोनींना लांबवर संदेश पाठवायचे होते आणि त्यातून व्यवसाय उभा करायचा होता. बोस यांना लहरीचा स्वभाव समजून घ्यायचा होता.

२९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शुक्रवारचे सायंव्याख्यान झाले. फॅरेडे यांच्या काळापासून मानाचे समजले जाणारे ते व्यासपीठ. मग पॅरिस आणि बर्लिन. त्याच पेटीतले सामान नव्या नव्या टेबलांवर मांडले गेले.

कलकत्त्याला परतल्यावर बोस पुन्हा रिसीव्हरच्या मागे लागले. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा यांचा, टिचकी न मारताच पूर्ववत होणारा रिसीव्हर टेलिफोनला जोडून वापरल्याचे प्रसिद्ध केले. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनींनी अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला, तो याच जातीच्या रिसीव्हरवर. बोस यांना पेटंटमध्ये रस नव्हता. स्नेह्यांनी फार आग्रह केला तेव्हा गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या रिसीव्हरसाठी अमेरिकेत अर्ज झाला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळाले. अर्धवाहकाचा असा उपयोग करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी ते एक.

याच सुमारास त्यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. रिसीव्हरवर सतत लहरी सोडत राहिले की त्याची संवेदना कमी कमी होत जाई. थोडा वेळ विश्रांती दिली की ती परत येई. दुसऱ्या एखाद्याने यंत्र सदोष म्हणून बाजूला ठेवले असते. प्रयोग दाखवणाऱ्यासाठी तर असला दोष लपवण्याजोगाच. बोस यांनी त्याचे आलेख काढले. ते आलेख त्यांना ओळखीचे वाटले. वारंवार विजेचा झटका दिल्यावर स्नायू थकतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजातवाना होतो, त्याचे आलेख असेच दिसतात. वीस वर्षांपूर्वी सुटलेली शरीरक्रियेची वाट त्यांना रिसीव्हरमधून पुन्हा सापडली.

त्यांनी धातूच्या तारा तपासल्या, मग झाडांचे देठ आणि पाने. सोडिअम कार्बोनेट दिल्यावर कथिलाचा प्रतिसाद वाढे, ऑक्झॅलिक आम्लाने तो नाहीसा होई. क्लोरोफॉर्मने वनस्पतीचा प्रतिसाद मंदावे. १९०० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीव पदार्थांच्या प्रतिसादातले साम्य मांडले. जून १९०१ मध्ये रॉयल सोसायटीसमोर तोच विषय आला तेव्हा मात्र शरीरक्रियाशास्त्रज्ञ उखडले. ज्येष्ठ संशोधक बर्डन-सँडरसन यांनी बोस यांना भौतिकशास्त्रातच राहण्याचा सल्ला दिला. गंमत अशी की कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या वनस्पतीतले विद्युतसंकेत त्यांनी स्वतःच १८७३ मध्ये नोंदवले होते. पण असे संकेत साध्या, न हलणाऱ्या वनस्पतींतही असतात हे त्यांना मान्य नव्हते. बोस यांचा निबंध छापला गेला नाही, दप्तरात पडला. लिनियन सोसायटीने पुढे त्यांच्या कामाला जागा दिली आणि १९०२ मध्ये त्यांनी आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले.

कोण बरोबर होते? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. धातूचा प्रतिसाद हा त्याच्या पृष्ठभागावरच्या विद्युत-रासायनिक बदलांचा परिणाम असतो, त्यावरून धातूला जीव आहे असे ठरत नाही. वनस्पतींना प्राण्यांसारखी मज्जासंस्था आहे, हेही विज्ञानाने स्वीकारलेले नाही. पण वनस्पतींच्या पेशींत विद्युतसंकेत निर्माण होतात, ते एका भागाकडून दुसऱ्याकडे जातात आणि इजा, उष्णता, स्पर्श यांनी ते सुरू होतात, हे आता पाठ्यपुस्तकात आहे. कॅल्शिअम, क्लोराइड आणि पोटॅशिअमचे आयन पेशीच्या पडद्यातून ये-जा करतात, त्यातून हे संकेत घडतात. बोस यांची नोंद खरी होती, तिच्यावर चढवलेला काही अर्थ जास्तीचा होता.

वाद मिटवण्यासाठी बोस यांनी जुनाच मार्ग धरला: पेटी भरायची, निघायचे आणि सर्वांसमोर करून दाखवायचे. १९१४ च्या दौऱ्यात तर पेटीबरोबर लाजाळूची जिवंत रोपटीही होती. युरोपच्या थंडीत ती जगवण्यासाठी उबेची सोय करावी लागली. वनस्पतीची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. त्यावर जाहीर शंका घेतली गेली तेव्हा १९२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तज्ज्ञांसमोर तो चालवून दाखवला आणि तज्ज्ञांनी त्याच्या अचूकतेची ग्वाही दिली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी चरित्रही निघाले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, ५९ व्या वाढदिवशी, बोस यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. तिथे व्याख्यानगृहाला त्यांनी मानाचे स्थान दिले. संशोधन लोकांसमोर मांडले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मिलिमीटर-लहरी पुढे कित्येक दशके बाजूला पडल्या, कारण जगाला लांब पल्ल्याचे संदेश हवे होते आणि त्यासाठी लांब लहरी सोयीच्या. आता चक्र फिरले आहे. भारतात ५जीसाठी २०२२ मध्ये लिलाव झालेल्या पट्ट्यांपैकी २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास असते. वायफायचा ६० गिगाहर्ट्झचा पट्टा तर थेट ५ मिलिमीटरचा, बोस यांच्या सर्वांत लहान लहरींएवढा. या लहरी भिंत ओलांडत नाहीत, त्यामुळे शेजारच्या दालनातल्या जाळ्याशी गोंधळ होत नाही. माणूस मध्ये आला तरी त्या अडतात. ६० गिगाहर्ट्झच्या लहरी त्वचेच्या वरच्या मिलिमीटरभर जाडीतच शोषल्या जातात. त्या क्ष-किरणांसारख्या पेशीतले रासायनिक बंध तोडत नाहीत. ठरवून दिलेल्या मर्यादेत त्यांची शक्ती ठेवली की त्वचेला जाणवेल एवढी उष्णताही निर्माण होत नाही.

कलकत्त्यातल्या १८९४ ते १८९६ या काळातल्या मिलिमीटर-लहरींच्या प्रयोगांना २०१२ मध्ये आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने इतिहासातला टप्पा म्हणून मान्यता दिली. ती छोटी उपकरणे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत.